चौथी घडी

डॉक्टर लिहितात आणि कंपाउंडर ठरवतो, असं लोक दवाखान्याच्या बाकावर बसून गमतीने म्हणायचे. कंपाउंडरला ते ऐकायला आवडायचं. डॉक्टरांचं अक्षर खुद्द डॉक्टरांनाही दुसऱ्या दिवशी लागत नसे. एकदा त्यांनी स्वतःच्याच हातचा एक कागद खिडकीतून आत सरकवून विचारलं होतं, "हे मी काय लिहिलंय हो?" कंपाउंडरने कागदावर नुसती नजर टाकली आणि सांगितलं, "छत्री दुरुस्तीला टाकलीय, ती आणायची."

वीस वर्षांचा असताना तो तिथे कामाला लागला. अक्षरं वाचायची नाहीत हे त्याला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. अक्षरं नव्हतीच. एक रेघ निघायची, दोन ठिकाणी अडखळायची आणि कागदाच्या कडेशी जाऊन पडायची. वाचायचा तो हात. पेन कुठे दाबलंय, कुठे पळालंय, कुठे नुसतंच टेकून थांबलंय. सकाळची पहिली चिठ्ठी सरळ असे, दुपारची शेवटची उताराला लागलेली. रोगी थापा मारतोय असं वाटलं की शेवटच्या अक्षराची शेपटी लांबे. काळजीचं काही असलं की रेघ बारीक होत जाई, इतकी की कागद तिरका धरावा लागे. एक्केचाळीस वर्षांत 'लागत नाही' हे शब्द कंपाउंडरच्या तोंडून कधी निघाले नाहीत. त्याला ह्या एकाच गोष्टीचा अभिमान होता. दुसरं अभिमान धरण्यासारखं त्याच्याकडे फारसं काही नव्हतं. दोन खोल्यांचं घर होतं, मूलबाळ नव्हतं, आणि बायको होती, जी त्याला कधी फार चढू देत नसे.

त्या काळी पातळ औषध दवाखान्यातच तयार होई. रोगी घरून रिकामी बाटली आणी. डॉक्टर चिठ्ठी लिहून मधल्या खिडकीतून आत देत, कंपाउंडर ती वाचून खिळ्याला टोचून ठेवी, औषध मोजून बाटलीत भरी, पाणी घालून बाटली गळ्यापर्यंत आणी आणि बूच मारी. मग बाटलीच्या अंगावर कागदाची एक पट्टी खळीने चिकटवी. पट्टीला दाते असत. एक दाता म्हणजे एक खुराक. घरी गेल्यावर रोग्याच्या माणसाला काही लक्षात ठेवावं लागत नसे. औषध एका दात्याने खाली आलं की झालं.

पट्टी कापायची रीत होती. कागदाची लांब पट्टी घ्यायची. एक घडी, दुसरी घडी, तिसरी घडी. मग दोन्ही बाजूंनी कात्रीने तिरका छेद. उलगडली की आठ दाते. बहुतेकांना आठच खुराक लागत. सोळा हवे असले तर चौथी घडी घालावी लागे, पण ती घातली की कागद जाड होई आणि कात्री अडे. म्हणून सोळाची वेळ क्वचितच येई. कंपाउंडर सकाळी दवाखाना उघडण्याआधी पन्नास-साठ आठच्या पट्ट्या कापून पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायचा. गर्दीच्या वेळी डब्यात हात घालायचा आणि पट्टी चिकटवायची. बघायचीही गरज नसे.

पुढे कधीतरी डॉक्टरांनी हे बंद केलं. "पट्ट्या आधी कापून ठेवू नका. ज्याची त्याची त्या वेळी कापा." कारण सांगितलं नाही. कंपाउंडर घरी येऊन बायकोला म्हणाला होता, "डॉक्टरांना माझ्या कात्रीचा आवाज आवडायला लागलाय." ही गोष्ट त्याने पुढे शंभर वेळा सांगितली.

डॉक्टर पंच्याऐंशीव्या वर्षी गेले. दवाखाना त्याआधीच पंधरा वर्षं बंद होता. गेल्यानंतर तीन महिन्यांनी त्यांची मुलगी आली आणि तिने कंपाउंडरला निरोप धाडला. तिला सगळे बेबी म्हणत. आता ती चोपन्न वर्षांची होती, केस पांढरे, चष्मा जाड, तरी त्याला दुसरं नाव सुचेना.

"या काका. बसा. खुर्ची हलते, जपून."

"हलणारच. ही रोग्यांची खुर्ची. माणूस घाबरलेला असला की तीही हलायची."

ती हसली. घर अर्धं रिकामं झालेलं होतं. भिंतींवर तसबिरींच्या जागी स्वच्छ चौकोन उरले होते. दवाखान्याच्या दारासमोर खोकी रचली होती, आणि त्या खोक्यांच्या वर मधली खिडकी दिसत होती, बंद. टेबलावर एक जाड रोजनिशी होती. कापडी पुठ्ठा, कोपरे झिजलेले.

"बाबांच्या अशा चाळीस निघाल्या," बेबी म्हणाली. "मला एवढी एकच हवीय. आई गेली ते वर्ष. भिंग लावून बसले होते काका, तीन दिवस. काही म्हणता काही लागत नाही. एका ओळीत मला वाटलं, बाळ असं लिहिलंय."

त्याने वही ओढून घेतली. "बाळ नाही. बर्फ आणायचाय."

"बघा. मी रडले होते त्यावर."

मग तिने हसणं थांबवलं आणि त्याला सगळं सांगितलं, हिशेबी माणसासारखं, एकापुढे एक. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मामा म्हणाला, तुझ्या बापाने औषध जास्त दिलं. अठराव्या वर्षी तिने बापाला समोर उभं करून विचारलं. ते म्हणाले, "हो. जास्त गेलं." पुढे एक शब्द नाही. त्याच आठवड्यात ती हॉस्टेलवर गेली ती गेलीच. शेवटच्या आजारपणात नर्सचे फोन यायचे, तेव्हा ती म्हणायची, कळवत राहा.

"घर पुढच्या महिन्यात दुसऱ्याचं होईल. त्याआधी मला कळायला हवं. त्यांचं चुकलं, की त्यांनी केलं, की आणखी काही."

"कळून काय करणार, बेबी?"

"काही नाही. आजवर कोणाचा राग करत आले, ते तरी कळेल."

कंपाउंडरला वहिनी आठवल्या. डॉक्टरांच्या बायकोला तो वहिनी म्हणायचा. आतल्या दारातून चहाचा कप पुढे यायचा, बांगड्यांचा हात दिसायचा, चेहरा क्वचितच. तो म्हणाला, "वाचू. आपल्याला काय, एका हाताचं आहे सगळं."

वही मिटताना त्याच्या लक्षात आलं, ती नीट मिटत नव्हती. मध्यावर फुगलेली होती.

"तिथे दोन पानं एकमेकांना चिकटलीत," बेबी म्हणाली. "ओढली नाहीत मी. फाटतील."

"वाफ दिली की सुटतील. बाटल्यांवरची चिठोरी काढण्यात जन्म गेला माझा. ते शेवटी बघू."

रोज सकाळी दहाला तो यायचा. तो वाचायचा, ती रेघांच्या वहीत उतरून घ्यायची. पहिला दिवस मजेत गेला. सायकल पंक्चर. एका पैलवानाला सुई टोचायच्या आधीच घेरी आली. बेबीचा दात पडला, तो तिने बापाच्या टेबलाच्या खणात ठेवला, रोग्यांना दाखवायला. हे उतरून घेताना बेबीचं पेन थांबलं. "मला वाटत होतं, हे मी स्वप्नात पाहिलंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या पायांवर सूज आली. जिना चढताना दम लागू लागला. कंपाउंडरला शब्दांआधी रेघ दिसत होती. ती पानागणिक बारीक होत होती. तो वही तिरकी धरू लागला, मग खिडकीपाशी जाऊन बसला.

"काय झालं?" बेबीने विचारलं.

"काही नाही. डॉक्टरांना काळजी लागलीय."

"तुम्हाला कसं कळलं? तसं लिहिलंय का?"

"लिहिलंय, नवीन उशी आणली."

तिसऱ्या दिवशी औषध आलं. हृदयाचा ठोका आवरायचं औषध, थेंबांनी मोजायचं, पाण्यात मिसळून बाटलीत भरायचं. घरचं माणूस असलं तरी डॉक्टर चिठ्ठी लिहीत, रोग्यासारखीच. तसंच वहीत होतं. चिठ्ठी दिली. बाटली आली. रात्रीपासून सुरू. त्या दिवसांत गावात तापाची साथ होती. सकाळी सहापासून बाक भरलेले, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. कंपाउंडरला ती साथ आठवत होती. बाटली आठवत नव्हती.

मग एकेक दिवस. कंपाउंडर वाचत गेला, सपाट आवाजात, चिठ्ठी वाचावी तसा.

"सूज उतरतेय. बरं वाटलं."

"जेवण नको म्हणते."

"दोनदा उलटी. नाडी मंद आहे, म्हणजे औषध लागू पडतंय."

"आज म्हणाली, भिंती पिवळ्या दिसतात. मी म्हटलं, ऊन आलंय."

इथे कंपाउंडर थांबला. त्याला ठाऊक होतं. ह्या औषधाचा खुराक जास्त झाला की माणसाला सगळं पिवळं दिसतं, हे डॉक्टरांनीच त्याला सांगितलं होतं. एकदा नाही. पुढच्या वर्षांत ते ह्या औषधाची चिठ्ठी आत देताना दर वेळी सांगत, आणि तो दर वेळी म्हणे, "माहीत आहे, डॉक्टर." दर वेळी का सांगतात, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"पुढे वाचा," बेबी म्हणाली.

"माझ्या चेहऱ्याभोवती पिवळं कडं दिसतं म्हणते. हसते."

"आणि?"

"पहाटे गेली."

खाली पान कोरं होतं. पुढची दोन पानं चिकटलेली.

बेबीने पेनाचं टोपण लावलं. ती रडत नव्हती. "ऊन आलंय म्हणाले," ती म्हणाली. "डॉक्टर होते ना? जगाच्या नाड्या बघत होते. मामाचं खरं होतं, काका. जास्त दिलं, आणि कळलंही नाही त्यांना."

कंपाउंडरला ते लागलं. इतकी वर्षं ज्याच्या हाताखाली काढली, त्याच्याबद्दल मुलीने असं बोलावं. "अजून पानं आहेत," तो म्हणाला. "घाई नको करू. डॉक्टर औषधात चुकणारे नव्हते. ती पानं उद्या मी सोडवतो. त्यांनी काहीतरी लिहिलं असणार. उगीच कोणी पान चिकटवत नाही."

ह्याच शब्दांत म्हणाला तो. बेबीने ते आपल्या वहीतही लिहून ठेवलं, तारखेसकट.

चौथ्या दिवशी त्याने किटलीत पाणी उकळलं आणि वही तोटीसमोर धरली, उलटी-पालटी, एका जागी फार वेळ नाही. कागद ओला होऊ न देता खळ ओली व्हायला हवी. थोड्या वेळाने वास आला. आधी त्याला कळलं नाही कसला. मग कळलं. पिठाची खळ, तुरटी घातलेली. ती तो स्वतः करायचा, दर आठवड्याला, आणि बरणीत भरून आपल्या खिडकीशी ठेवायचा. डॉक्टरांनी पान बंद करायला त्याच्याच बरणीतली खळ घेतली होती.

पानं सुटली. डाव्या पानावर कागदाची एक पट्टी उभी चिकटवलेली होती. पिवळी पडलेली, कडेला औषधाचा डाग. तिला दाते होते.

"हे काय? झालर?" बेबी मागून वाकून बघत होती.

"पट्टी आहे. औषधाच्या बाटलीची."

"आणि ह्या बाजूला? लिहिलंय ना?"

लिहिलं होतं. त्याने आधी दाते मोजले. मग पुन्हा मोजले. मग उजवं पान वाचलं, मनात. पानभर मजकूर होता आणि त्याला तो एका दमात लागला.

'हिला जाऊन नऊ दिवस झाले. आज बाटली धुवायला घेतली तेव्हा पट्टी पाहिली. आठ दाते. मी सोळा लिहिले होते. दवाखान्यात जाऊन खिळ्यावरची चिठ्ठी काढून पाहिली. सोळाच. कंपाउंडरने रोजच्यासारखी आठची लावली. दर खुराक दुप्पट गेला. लिहिणारा मी, चमच्याने देणारा मी, आणि मला आठवलं नाही. पट्टी समोर होती ना. मी दाता बघून देत राहिलो.

त्याला सांगणार नाही. सांगितलं तर त्याचा हात थरथरेल, आणि थरथरत्या हाताचा कंपाउंडर मला उपयोगाचा नाही. दुसऱ्या कोणाला माझं अक्षर वाचता येत नाही. कोणी विचारलं तर जास्त गेलं म्हणेन. ते खोटं नाही.

उद्यापासून प्रत्येक बाटली मी उजेडात धरून बघेन. हिची बाटली माझ्या घरात होती म्हणून मला दिसली. इतरांच्या घरी मी गेलेलो नाही.

हे पान बंद करतो. कधी उघडलं तर तोच वाचेल.'

किटली अजून उकळत होती. बेबीने ती बंद केली आणि पेन उघडून बसली. "हं. सांगा."

कंपाउंडरने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"लागत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"लागत नाही हे पान. वाफेने शाई पसरलीय."

शाई पसरली होती, दोन ठिकाणी, बोटाच्या पेराएवढी. बेबी त्या दोन ठिकाणांकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. ती वाद घालेल असं त्याला वाटलं. तिने घातला नाही.

"बरं," ती म्हणाली. "तुम्हाला नाही लागत तर कोणाला लागणार? मग मी जे धरून चालले होते, तेच धरते." तिने आपली वही मिटली. "दमलात तुम्ही. उगीच त्रास दिला."

दारापर्यंत ती सोडायला आली. म्हणाली, "एक बरं झालं. शेवटी आले नाही त्याचं वाईट वाटत होतं. आता वाटायला नको."

रस्ता रोजचाच होता. दवाखान्यापासून घरापर्यंत चौदा मिनिटं. शिंप्याचं दुकान, त्यावर दोन बिऱ्हाडं. लाकडाची वखार. निळ्या दाराचं घर. ह्या दारातून एक म्हातारा दर हिवाळ्यात खोकल्याची बाटली घेऊन जायचा. एका हिवाळ्यात आला नाही. पुढच्या वळणावर तीन पायऱ्यांचं घर. तिथली सून बाळंतपणानंतर औषध न्यायची, तिचा नवरा बाटली छातीशी धरून चालायचा, सांडेल म्हणून. ती सून पुढे दिसली नव्हती. माहेरी गेली असेल. माणसं जातात कुठे कुठे. म्हातारे हिवाळ्यात जातात. त्याने ह्या रस्त्यावरच्या एकूण एका दारात बाटली पाठवली होती. साथीच्या दिवसांत तर डब्यात हात घालायचा आणि पट्टी चिकटवायची. सोळाच्या चिठ्ठ्या किती आल्या होत्या? आणि चौथी घडी त्याने किती वेळा घातली होती? पहिल्या प्रश्नाचं उत्तर खिळ्यावरच्या चिठ्ठ्यांत होतं, आणि त्या दर वर्षअखेरीला तोच जाळायचा. दुसऱ्याचं कुठेच नव्हतं. त्याने आठवायचा प्रयत्न केला. त्याला कात्री आठवली, डबा आठवला, खळीचा वास आठवला. वहिनींची बाटली भरल्याचं आठवेना. त्या दिवसाच्या जागी काहीच नव्हतं, भिंतीवरच्या तसबिरीच्या चौकोनासारखं.

आणि डॉक्टर. तयार बाटली खिडकीतून बाहेर गेली की ते ती हातात घेऊन उजेडात धरायचे, वळवून वळवून बघायचे. तीस वर्षं. कंपाउंडरला वाटायचं, ते रंग बघतात. आपल्या हातचं औषध ते असं हिऱ्यासारखं धरतात, हे तो लोकांना कौतुकाने सांगायचा. ते दाते मोजत होते.

शिंप्याने दुकानातून हाक मारली, "काय कंपाउंडर, आज पोस्टमनसारखं दारं बघत चाललाय!" त्याने हात वर केला आणि पुढे गेला.

"आज लवकर?" बायको म्हणाली. "वही संपली का डोळे संपले?"

तो खाटेवर बसला. "तुला कधी बाटलीचं औषध दिलं होतं का गं मी? दवाखान्यातलं?"

"दिलं होतं की. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, तापात. चार दिवस घर नुसतं गरगर फिरत होतं. तुम्हाला म्हटलं, तर म्हणालात, तापच तसला आहे."

"पट्टी किती दात्यांची होती?"

"अहो, मी ताप मोजत होते का दाते?" तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "जिवंत आहे ना समोर? मग झालं तर. चहा घ्या."

त्याने कप घेतला. हात थरथरत नव्हता. डॉक्टर ह्या हाताला घाबरले होते आणि हात होता तसाच होता, शहात्तराव्या वर्षीही, कप बशीवर आवाज न करता ठेवणारा. ह्या हातासाठी डॉक्टरांनी आपली मुलगी सोडून दिली होती. दोन वाक्यं बोलले असते तर ती राहिली असती. ते बोलले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्याला म्हणाले असतील, आज गर्दी फार आहे, जरा लवकर उरका.

"तुम्हाला काहीतरी झालंय," बायको म्हणाली.

"मी आज बेबीला म्हणालो, लागत नाही."

त्या शब्दांचा अर्थ ह्या घरात बायकोला कळणार नाही तर कोणाला कळणार? तिने त्याच्यासमोर पाट ओढला आणि बसली. म्हणाली, "मग तिला कळलंच असेल. तुम्ही आपले उद्या जाऊन वाचून या."

दुसऱ्या दिवशी तो दहाला गेला. बेबीने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. टेबलावर रोजनिशी त्याच पानावर उघडी होती. शेजारी तिची रेघांची वही, तीही उघडी. पेनाचं टोपण काढलेलं. तो येणार हे तिने धरलं होतं.

"लिही," तो म्हणाला.

त्याने वाचलं. चिठ्ठीसारखं नाही. हळू, एकेक शब्द, डॉक्टर जिथे थांबले तिथे थांबत. 'कंपाउंडरने रोजच्यासारखी आठची लावली' हे त्याने वाचलं आणि तिने लिहिलं. तिचं अक्षर गोल, सुटं, शाळेतल्या बाईसारखं होतं. ते कोणीही वाचू शकलं असतं. 'कोणी विचारलं तर जास्त गेलं म्हणेन' इथे तिचं पेन कागदावर टेकून थांबलं आणि एक डाग वाढत गेला. मग तिने तेही पुरं केलं. 'तोच वाचेल' पर्यंत सगळं.

रस्त्यावरून कोणीतरी पत्र्याची बादली ओढत नेत होतं.

"मी अठरा वर्षांची होते," बेबी म्हणाली. "मी त्यांना म्हटलं, तुम्ही मारलंत तिला. ते उभे होते, इथे, ह्या टेबलापाशी. आणि तुम्ही आत होतात, काका. खिडकी उघडी होती. तुम्ही ऐकलं असेल."

त्याने ऐकलं होतं. त्या दिवशी तो खिडकीआड बाटल्या भरत होता, आणि घरचं भांडण आहे म्हणून त्याने सभ्यपणे खिडकी लोटून घेतली होती.

"ऐकलं होतं," तो म्हणाला.

"काल का नाही वाचलंत?"

"भीती वाटली."

"माझी?"

"नाही गं. त्या पट्टीची."

तिने मान हलवली, जणू हे उत्तर तिला चालण्यासारखं होतं. मग वहीच्या शेवटच्या पानातून तिने एक लांब पट्टी फाडली, कडेची, रेघा असलेली, आणि त्याच्यापुढे ठेवली. खणातून कात्री काढून तीही ठेवली.

"करून दाखवा."

"काय?"

"पट्टी. सोळाची. पंचेचाळीस वर्षं मी त्यांचा हात डोळ्यांसमोर आणत आले. चमचा धरलेला. आता तुमचा बघू दे."

"बेबी, त्याने काय होणार—"

"काका. मला बघायचंय, किती वेळ लागतो."

त्याने पट्टी घेतली. एक घडी. अंगठ्याच्या नखाने ती दाबली. दुसरी घडी. पुन्हा नख. तिसरी. कागद बोटांत नीट बसला, जसा नेहमी बसायचा, आणि त्याचा उजवा हात उचलला गेला, कात्री घेऊन आला, पाती उघडली आणि कागदावर तिरकी टेकली. ह्यातलं काही त्याने केलं नव्हतं. तो बेबीकडे बघत होता.

मग दोघांनी एकदमच खाली पाहिलं.

कात्री तिथेच राहिली. बेबी त्या हाताकडे बघत होती. हात स्थिर होता, एखादं अवघड काम चोख करणाऱ्या माणसाचा असतो तसा, आणि पाती मिटायची वाट बघत होता.

"अजून एक," बेबी म्हणाली.

त्याने कात्री खाली ठेवली. चौथी घडी घातली. कागद जाड झाला, बोटांत मावेना. त्याने तो दाबून धरला, कात्री लावली, आणि ती अडली. त्याने जोर दिला.